बरण्यांची एकादशी

पूर्णा,
कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १९१४

ति. माणिकराव यांस,

बन्सीधरचा नमस्कार. साष्टांगच घातला आहे, पण आठ अंगांपैकी गुडघे हे अंग यंदा वाकायला तयार नाही, तेव्हा ते वजा करून उरलेली सात तुमच्या पायांशी पोचली असे धरावे. तुमची दाढ कशी आहे? काढलीत की अजून लवंगेवर भागवता आहात? कमलवहिनींचा खोकला थांबला का? कापसाची पहिली वेचणी झाली असे लिंबाजी ड्रायव्हरकडून कळले. (तो जिंतूर गाडीवर आहे आणि इकडच्या बातम्या तिकडे, तिकडच्या इकडे करतो. टपालखात्याने त्याच्यापासून शिकावे.) आमच्याकडे सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. तुमची भगिनी तर इतकी बरी आहे की घरात दुसऱ्या कोणाला बोलायला वाव उरत नाही.

आता मुद्दा. हे पत्र म्हणजे एक फिर्याद आहे आणि ती मी जड अंतःकरणाने दाखल करतो आहे. तुमची कन्या चि. दैवशाला हिने आमच्या घरातल्या लोणच्याच्या चारही काचेच्या बरण्या ताब्यात घेतल्या. विचारले नाही, सांगितले नाही. शाळेतून आलो तर बरण्या धुऊन, उकळून, उन्हात पालथ्या घातलेल्या. आणि कैरीचे लोणचे चिवड्याच्या पत्र्याच्या डब्यात. माणिकराव, वर्षानुवर्षे मी इथल्या हायस्कुलात संस्कृत शिकवतो. मला पेन्शनीत फार काही मिळणार नाही हे ठाऊक आहे, मुले शब्द चालवत नाहीत, शब्दच मुलांना चालवतात हेही मी सोसले. पण जेवताना पानाच्या डाव्या बाजूला कैरीची फोड असावी आणि तिला गंजाची चव नसावी, एवढी अपेक्षा गृहस्थाश्रमात अवाजवी आहे काय? निवाडा तुम्ही करायचा. मुलगी तुमची आहे.

बरण्या कशाला, हे सांगायचे तर भाद्रपदापासून सुरुवात करावी लागेल. तुम्हांला घाई असेल तर दाढेवर लवंग ठेवून वाचा.

यंदा आमच्या महालक्ष्म्यांना मखर थर्माकोलचे होते. दरवर्षी आम्ही साड्या आणि केळीचे खुंट यांवर भागवतो. पण शेजारच्या दत्तरावांनी (रेल्वेत गार्ड आहेत, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसतात आणि जगाकडे मागे वळून पाहतात) नवा रंगीत टीव्ही आणला. त्याच्या खोक्यातून जे पांढरे थर्माकोल निघाले ते तुमच्या भगिनीने, मालनने, मागून घेतले, वर नांदेडहून आणखी पत्रे आणवले, आणि ब्लेडने कोरून शिखर, कमानी, गवाक्षे असे देऊळ उभे केले. खरे सांगतो, देखणे झाले होते. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या त्या महालक्ष्म्यांच्या आधी देवळालाच हात लावून बघत होत्या. तीन दिवस थाटात गेले. मुखवटे परत डब्यात गेले, कोठ्या माळ्यावर गेल्या, धान्याच्या राशी कोठीत गेल्या. राहिले देऊळ.

आता थर्माकोलचे असले तरी त्यात महालक्ष्म्या बसल्या होत्या. ते उकिरड्यावर कसे टाकायचे? मालन म्हणाली, विसर्जन करा. मी सायकलच्या कॅरियरला ते देऊळ सुतळीने बांधले आणि नदीकडे निघालो. माणिकराव, पुलाजवळच्या मोकळ्यात वारा होता. त्या देवळाला वजन नाही, पण वाऱ्याला ते भरपूर दिसत होते. सायकल माझ्या मर्जीने चालेनाशी झाली. एकदा मी एरंडाच्या झाडात गेलो, एकदा एका शेळ्यांच्या कळपात. नदीवर पोचलो, हात जोडले, देऊळ पाण्यात सोडले. ते बुडले नाही. बुडण्याची त्याची काही तयारीच दिसेना. नदी वाहते पूर्वेकडे, वारा होता पश्चिमेकडे, आणि देऊळ वाऱ्याचे ऐकत प्रवाहाच्या उलट निघाले. देवाकडे पाठ करायची नाही म्हणून मी हात जोडून काठाकाठाने त्याच्या मागे चाललो. धुणे धुणाऱ्या बाया धुणे थांबवून बघत होत्या. एकीने दुसरीला विचारले, "गुरुजी कुणाला पोचवायलेत गं?" अर्ध्या तासाने ते देऊळ वळून माझ्याच पायाशी लागले. मी त्याला एक चांगला दगड बांधला. दगड बुडाला. सुतळीने थर्माकोल कापले गेले आणि देऊळ वर आले, एक गवाक्ष कमी होऊन.

घरी आणले. (परत येताना वारा मागून होता, फार लवकर पोचलो.) मग अग्नी. अंगणात काडी लावली तर जो काळा धूर निघाला तो थेट दत्तरावांच्या दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या गणवेशावर जाऊन बसला. दत्तरावांनी मला लाल झेंडी दाखवावी तसे पाहिले. अर्धवट जळलेले देऊळ मी जांबाच्या झाडाखाली पुरले. आठ दिवसांत कोंबड्यांनी ते उकरले आणि टोचून टोचून त्याचे दाणे दाणे केले. सगळे अंगण पांढरे. पोस्टमनने दारातून विचारले, "गुरुजी, तुमच्याच घरावर गारा पडल्या का?" ते दाणे धोतराला चिकटतात, झटकले तर हाताला चिकटतात. मी दहावीच्या वर्गात अंगभर दाणे घेऊन उभा राहिलो आणि मुलांनी प्रथमच माझ्याकडे पूर्ण तास लक्ष दिले.

या अवस्थेत दैवशाला आली. तुम्हीच पाठवलीत. औरंगाबादेत एम.एस्सी. झाल्यावरही ती जिथे जिवाणूंवर काम करायची ते कॉलेज नामांतराच्या मोर्च्यांनी आणि बंदांनी कधी उघडे, कधी बंद, तेव्हा खोलीवर एकटी बसण्यापेक्षा आत्याकडे बरी, हे तुमचे म्हणणे योग्यच होते. आणि परभणीच्या स्टँडवर तिला माझ्या हवाली करताना उसाचा रस पिता पिता तुम्ही जे सांगितलेत तेही माझ्या लक्षात आहे: तिच्या त्या जिवाणूंतून तुळशीच्या लग्नापर्यंत काही निघाले आणि पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तिला संशोधनाला घेतले तर जाऊ देऊ, नाहीतर ताडकळसच्या तात्यारावांना त्यांच्या मुलासाठी शब्द देऊ. मी त्यावर मान हलवली. ती होकारार्थी होती की रस फार थंड होता म्हणून, ते तुम्ही विचारले नाही.

दैवशाला अंगणात उभी राहिली, दाणे बघितले, आणि मला वाटले हसेल. ती खाली बसली. मातीत बोट घालून म्हणाली, "मामा, हे किती वर्षं असंच राहतंय ठाऊक हाय? तुमी, मी, ही कोंबडी, सगळे जाऊ. हे न्हाई जायचं." मी म्हटले, ब्रह्माची व्याख्या मी वेगळी शिकलो होतो. ती म्हणाली, "म्हणून तर ह्याला खाणारं कुणी शोधायचंय."

मग मला तिने जे समजावले ते मी तुम्हांला माझ्या भाषेत सांगतो. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते लाकूड खातात, चामडे खातात, तेल सांडले तर तेलही खातात. थर्माकोल ज्यापासून करतात त्या पातळ द्रवाला खाणारे काही जिवाणू परदेशात सापडले आहेत, पण घट्ट थर्माकोलला तोंड लावणारा अजून नीट कोणी सापडलेला नाही. तो कुठे सापडेल? जिथे वर्षानुवर्षे थर्माकोल कुजत पडायला टाकले आहे आणि कुजलेले नाही, तिथे. ती दत्तरावांना घेऊन स्टेशनामागच्या उकिरड्यावर गेली, जिथे पार्सलांची खोकी फुटून पडतात. तिथली माती फावड्याने आणली. (मेहुण्याची एम.एस्सी. झालेली लेक डोक्यावर उकिरड्याची पाटी घेऊन भर बाजारातून आली, हे तुम्हांला लिंबाजीने सांगितले असेलच.) ती माती आमच्या चार बरण्यांत. वर पाणी, दोनचार क्षार, आणि खायला फक्त थर्माकोलचे पातळ तुकडे. दुसरे काहीही नाही. गूळ नाही, साखर नाही, पाचोळाही नाही. तिचा सिद्धान्त असा की ज्या जिवाला दुसरे काहीच मिळत नाही, तो शेवटी समोर असेल ते खायला शिकतो. बहुतेक मरतात. एखादा शिकतो. तो आपल्याला पाहिजे.

बरण्या स्वयंपाकघराच्या कोनाड्यात राहिल्या, कारण चुलीची ऊब तिथे सारखी असते. इथेच गफलत झाली, पण ती पुढे.

पहिले चारपाच दिवस काही नाही. मग पितृपक्षाच्या मध्यावर पाणी गढूळ झाले. त्यावर फेस आला. दैवशालाची चाल बदलली. सकाळी उठून ती चूळ भरायच्या आधी बरण्यांकडे जायची. तुकड्यांवर बुळबुळीत थर धरला, मग त्यांच्या कडा सुटल्या, दाणे मोकळे व्हायला लागले. दसऱ्याला तिने तुकडे धुऊन, वाळवून भुजंग सोनाराच्या काट्यावर नेले. भुजंग म्हणाला, "ताई, सोनं असतं तर मी म्हणलो असतो कुणी तरी चोरलंय." वजन घटले होते! ती दुकानातून घरापर्यंत पळत आली, माणिकराव. तेवीस वर्षांची मुलगी, भर दसऱ्याच्या गर्दीत, पदर खोचून. अंगणातूनच ओरडली, "मामा, खायलेत! ते खायलेत!" मी आपट्याची पाने वाटायच्या ऐवजी पेढे वाटले. तिने पुण्याच्या मॅडमना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आठवड्यात आले की बरण्या घेऊन या, जागा आहे, विद्यावेतन मिळेल. मी तुम्हांला त्याच दिवशी कार्ड टाकले होते. त्यावर तुम्ही उत्तर पाठवलेत, "बघू." तुमच्या हातचा हा शब्द मी ओळखतो. मालनच्या लग्नाच्या वेळी मला होकार द्यायच्या आधी तुम्ही हाच वापरला होता.

आता खरी गंमत. मला एकादशीचा उपवास असतो. तुमच्या भगिनीलाही असतो, पण तिला तो बाधत नाही, मला बाधतो. त्या दिवशी मी दुपारी स्वयंपाकघरात पाटावर बसून इकडे तिकडे बघतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी असाच बसलो होतो आणि समोर बरण्यांचा फेस बसलेला दिसला. म्हटले, काल पेढ्याने दृष्ट लागली असेल. दुसऱ्या दिवशी फेस परत वर. दैवशालालाही ते दिसले होते. तिने खिडकीची ताटी बदलली, चुलीपासून अंतर बदलले, दत्तरावांकडून रेल्वेचा उष्णतामापक आणून टांगला. मधूनच एक दिवस फेस का बसतो हे तिला कळेना. ती म्हणाली, पितृपक्षात सुद्धा एकदा असेच झाले होते. मग दिवाळीच्या आधीची एकादशी आली. मी पाटावर, पोटात कावळे, समोर बरण्या. फेस खाली. मी त्यांच्याकडे बघितले, त्यांनी माझ्याकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच कळा. आणि मला एकदम उजेड पडला. ह्या जगात मी एकादशी करतो हे समजू शकते. स्टेशनामागच्या उकिरड्यावरचे जंतू ती का करतील?

मी पंचांग काढले. पितृपक्षातला तो दिवस कोणता, हे दैवशालाला विचारले. बरोबर एकादशी. मी तुमच्या भगिनीला हाक मारली.

"मालन, ह्या बरण्यांना तू काही देतेस का?"

तिने चुलीत लाकूड सारले. "देते की."

"काय देतेस?"

"काय न्हाई, चमचाभर गूळपाणी. सकाळी चूल पेटली की."

"कशासाठी?"

आता ती माझ्याकडे वळली, आणि पुढचे तिच्याच शब्दांत देतो, कारण माझ्या शब्दांत ते येणार नाही. "आवं, कशासाठी म्हंजे? पोरीनं घरात जीव आणून ठेवलेत, तेबी कोंडून. खायला काय, तर थर्माकोल! दारचं कुत्रं तरी खातंय का ते? सकाळी चूल पेटली की मी म्हशीला टाकते, कुत्र्याला टाकते, मुंग्यांना साखर टाकते, अन् घरातले पाहुणे उपाशी ठेवून जेवू? माह्या गळ्याखाली घास उतरंल का? अमावस्येला खीर केली तवा तिचंबी बोट दिलं. लय बारके जीव हायेत म्हणून पातळ करून दिली."

"आणि एकादशीला?"

"एकादशीला तुळशीचं पान अन् पाणी. त्यांना कशाला बाटवू?"

मी विचारले, तुकड्यांच्या कडा कशा सुटल्या? तर रोज ती रवी फिरवत होती. गूळ तळाला बसू नये, खालच्यांनाही मिळावा म्हणून. रवीने थर्माकोलचे दाणे सुटले, वर आलेले दाणे तिने "तोंडाशी नको यायला" म्हणून पळीने काढून टाकले. भुजंगच्या काट्यावर जे वजन घटले होते, ते चोरीला गेले होते आणि चोर आमच्या चुलीपुढे बसून मला विचारत होता की साबुदाणा आणखी वाढू का.

दैवशाला दारात उभी होती. सगळे ऐकले होते. मी घाबरलो. ती हसायला लागली, अशी की दाराची चौकट धरावी लागली. "आत्या," ती म्हणाली, "गूळ असल्यावर थर्माकोल कोण खाईल? मी तरी खाल्ला असता का?" मालनला वाटले कौतुक होते आहे, तिने तिलाही साबुदाणा वाढला. ती पाटावर बसली, निम्मा खाल्ला, आणि मग हात धुऊन चारही बरण्या अंगणात नेऊन रिकाम्या केल्या.

मी तिला एक सूचना केली. ती योग्य होती असे मी म्हणत नाही. म्हटले, मॅडमना लगेच कळवायची काय घाई? नवा प्रयोग लाव, चार आठवडे जाऊ देत, कदाचित खरेच खातील, मग दोन्ही एकदम कळव. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितले की मी तिला लहानपणी शिकवलेली सगळी सुभाषिते मला आठवली. "मामा, मधी मॅडमनी मी कळवलेलं ते वजन दुसऱ्या कुणाला खरं म्हणून सांगितलं तर?" तिने पत्र लिहिले. झाले ते सगळे लिहिले. गूळ, खीर, रवी, एकादशी. मी ते वाचले. शास्त्राच्या पत्रात सर्वपित्री अमावास्या येण्याची ही पहिलीच वेळ असावी. पोस्टात उद्यावर जाईल म्हणून स्टेशनवर जाऊन आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या, डब्यात टाकले, आणि गाडी सिग्नल सोडेपर्यंत ती फलाटावर उभी राहिली.

तेव्हापासून बरण्या पुन्हा भरल्या आहेत. तोंडाला दुपदरी फडके, वर दोरीची गाठ, आणि गाठीवर मालनकडून घेतलेली शपथ. आत माती, पाणी, क्षार, थर्माकोल. पाणी स्वच्छ आहे. इतके स्वच्छ की पिता येईल. तुकडे वर तरंगतात, जसे टाकले तसे. कोपरे शाबूत, ब्लेडच्या खुणा शाबूत. फेस नाही, बुळबुळ नाही. मॅडमचे उत्तर अजून आलेले नाही. तुळशीचे लग्न येत्या आठवड्यात.

मालन आता बरण्यांपुढून जाताना पदर पुढे ओढून घेते. काल पुटपुटली, "उपाशी मरतेत बघा बिचारे." मी म्हटले, मरू देत, तेच शास्त्र आहे. माझा आवाज मला पटला नाही.

बाकी इकडे ठीक. दत्तरावांचा गणवेश दोनदा धुऊनही करडाच राहिला आहे, आता ते मालगाडीच्या शेवटच्या डब्यात शोभून दिसतात. कमलवहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. दाढ काढून टाका. तिच्याशी इतका ऋणानुबंध ठेवण्याजोगे तिने काही केलेले नाही.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. — ताडकळसच्या मुलाविषयी मी काही वाकडे लिहिले नाही, लिहिणारही नाही. मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम त्यांच्या खताच्या दुकानात जाऊन आलो. मुलगा सरळ आहे, तोलताना माप दाबत नाही, मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि संस्कृत शिकवतो म्हटल्यावर हसला नाही. तात्यारावही भले गृहस्थ. तुमची पसंती चूक आहे असे कृपा करून या पत्रातून वाचू नका.

दुसरा ता. क. — पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मालनने दार लावून घेतले आणि हळूच विचारले, "चमचाभर टाकू का गूळ? फेस आला तर पोरगी तरी हसंल." तुमची भगिनी मनाने किती मोठी आहे आणि शास्त्राला किती घातक आहे, ते एका वाक्यात आले. मी नाही म्हटले. म्हणायला थोडा वेळ लागला.

तिसरा ता. क. — तर माणिकराव, फिर्याद वगैरे राहू द्या, हे पत्र विनंतीसाठी आहे. तात्यारावांना यंदा शब्द देऊ नका. एक वर्ष थांबू म्हणा. कारण काहीही सांगा, गुरूचे बळ नाही म्हणा, मी हवे तर पंचांग दाखवून सही करून देतो. (आयुष्यात एकदा तरी माझ्या विद्येचा उपयोग होईल.) तुम्ही म्हणाल, प्रयोग फसला, ठरल्याप्रमाणे तुळशीच्या लग्नापर्यंतची मुदत झाली, आता मुलीलाच विचारू. तेवढेच करू नका. तिला विचारू नका. ती हो म्हणेल.

चौथा आणि शेवटचा. — तुम्हांला ठाऊक आहे ती कशी भांडते. बी.एस्सी.ला जायच्या वेळी दोन दिवस जेवली नव्हती, एम.एस्सी.च्या वेळी तुमच्याशी महिनाभर बोलली नव्हती, 'दादा' अशी हाकसुद्धा नाही. तुमचे एक वाक्य तिने कधी उत्तराशिवाय जाऊ दिले नाही. काल संध्याकाळी ती बरण्या पुसत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. बरणी उजेडाकडे धरून, माझ्याकडे न बघता तिने विचारले, "मामा, ताडकळसचे लोक कधी यायलेत?" चहा झाला का असे विचारावे तसे. मी म्हटले, अजून ठरलेले नाही. ती म्हणाली, "ठरवू द्या मग. दादांना सांगा, माझं काही म्हणणं न्हाई." आणि बरणी जागेवर ठेवली.

मला त्या थर्माकोलचे काही वाटत नाही. ते कोणी खाईल किंवा न खाईल. ती भांडेनाशी झाली आहे, माणिकराव, आणि मला त्याची भीती वाटते.